उकळलेल्या गाड्यांचे दिवस

गाडी उकळली की माणसाचा स्वभाव कळतो. काही जण उतरून टायरला लाथ घालतात. काही जण बायकोवर डाफरतात, जणू तिनंच इंजिनाखाली चूल पेटवली. आणि काही जण, हे सगळ्यात धोक्याचे, बॉनेट उघडून तडक रेडिएटरच्या झाकणाला हात घालतात.

आमचं गॅरेज नाशिकात द्वारकेला, मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला. पुढं पत्र्याची शेड, मागं आमच्या दोन खोल्या. कसारा घाटात सुरू झालेलं दुखणं बऱ्याचदा आमच्या दारापर्यंत येऊन उघडं पडायचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला वाफा दिसायच्या आणि मी हातातलं टाकून ओरडायचे, "अहो, झाकण उघडू नका! निवू द्या आधी!" ऐकणारे थोडेच. बाईमाणसाला गाडीतलं काय कळतंय, असं तोंडावर लिहिलेलं असायचं. मग तेच गृहस्थ थोड्या वेळानं माझ्या मोरीतल्या बादलीत हात बुडवून बसलेले असायचे.

पुढं मीच नाशिकातली 'पंपवाली बाई' होईन, हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर मीही हसण्यावारीच नेलं असतं.

पंप म्हणजे विहिरीवरचा नव्हे. मोटारीचा वॉटर पंप. ज्यांनी कधी बॉनेटखाली डोकावलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंजिनात पेट्रोल जळतं, तेव्हा लोखंड भयंकर तापतं. ते निवावं म्हणून त्याच्याभोवती पाणी खेळतं ठेवतात. गरम झालेलं पाणी पुढं रेडिएटरमध्ये यायचं, वाऱ्यानं निवायचं आणि परत आत जायचं. हे पाणी फिरवतो तो पंप. त्या वेळच्या गाड्यांत पुढचा पंखाही याच पंपाच्या दांड्यावर बसवलेला असे. नारळाएवढी वस्तू. पण खीर ढवळणारा हात थांबला तर काय होतं? वरून खीर बरी दिसते, खाली लागलेली असते. पंप थांबला की इंजिन तसंच लागतं. आधी हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, गॅसकेट जळतं, मग पाणी ऑइलमध्ये शिरतं आणि ऑइलचा चहा होतो, अगदी दुधाच्या चहाचा रंग. मग हेड वाकतं. शेवटी पिस्टन फुगून सिलिंडरच्या भिंतीला चिकटतात आणि इंजिन जाम होतं. नारळाएवढ्या वस्तूपायी अख्खी गाडी रस्त्यात मरून पडते.

माझे यजमान रघुनाथ. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणे, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणायला लागले. इंजिन आजारी असलं की ते लांबलचक स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याला लावायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. डॉक्टरची नळीच ती. माझं काम घरातलं, पण कागदी गॅसकेट मी कापून द्यायची. पंप जिथं इंजिनाला टेकतो तिथं मधे जाड कागद बसतो, त्याला पंपाच्या तोंडाच्या आकाराची भोकं पाडावी लागतात. कुकरची शिट्टी होईपर्यंत माझी दोन-तीन गॅसकेटं व्हायची. त्यामुळं कुठल्या गाडीच्या पंपाचं तोंड कसं, हे मला माणसांच्या तोंडांइतकंच पाठ झालेलं होतं.

हमीदभाई नाशिक-मुंबई टॅक्सी चालवायचे. त्यांची अँबॅसिडर. मिस्त्रींना ते उस्ताद म्हणायचे, मला भाभी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. एका सकाळी ते आले आणि म्हणाले, "उस्ताद, पुढून घरघर येतेय. कान लावा जरा."

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, इंजिन चालूच ठेवायला सांगितलं. स्क्रूड्रायव्हर पंपावर टेकवला, कान मुठीला लावला. मी उंबऱ्यात तांदूळ निवडत होते.

"हमीद, रेस दे," मिस्त्री म्हणाले. "अजून. अजून थोडी."

हमीदभाईंनी ॲक्सिलरेटर दाबला. पंपाचा आतला दांडा, ज्याला स्पिंडल म्हणतात, तो मोडला. पंखा सुटून पुढं उडाला, रेडिएटर फाडून गेला आणि जाताना मिस्त्रींच्या उजव्या हातावरून गेला. हात राहिला, पण अंगठा आणि करंगळी सोडून मधली बोटं गेली. मला अजून आठवतं ते एवढंच, की उकळतं पाणी फरशीवर पसरत माझ्या तांदळापर्यंत आलं होतं आणि हमीदभाई स्टिअरिंगवर डोकं आपटत होते.

जखम भरली, पण मिस्त्री भरून आले नाहीत. शेडमध्ये स्टूल टाकून नुसते बसायचे. कुणी आलं तर म्हणायचे, "दुसरीकडं बघा." आमच्या कॉलनीतल्या बायका बुद्धविहारात मला बाजूला घेऊन विचारायच्या, "पुढं काय करणार गं कमल?"

उत्तर आणलं हमीदभाईंनी. वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक जुना पंप त्यांनी माझ्या ओट्यावर आणून ठेवला.

"भाभी, हा तुम्ही करा."

मिस्त्री स्टुलावरून गुरकावले, "तिला काय कळतंय त्यातलं?"

"उस्ताद, गॅसकेट कोण कापतं?"

हमीदभाई पुढं म्हणाले, "डोकं तुमचं आहे ना जागेवर? मग हात भाभींचे घ्या. माझ्या गाडीला मी दुसऱ्या कुणाचा पंप लावणार नाही." आणि चहाही न घेता निघून गेले. त्या घटनेपासून ते आमच्याकडं चहा घेत नसत.

तो पहिला पंप मी रडत केला. जुना दांडा ठोकून काढायचा, नवं बेअरिंग बसवायचं, त्याच्यापुढं सील. सील म्हणजे कार्बनची चकती, तिला मागून स्प्रिंग ढकलते. पाणी बेअरिंगकडं जाऊ न देणं हे तिचं काम. ती तिरकी बसली की संपलं. मिस्त्री स्टुलावरून सूचना द्यायचे, त्या सूचना कसल्या, शिव्याच. "दाब हळू! भाकरी थापतेस का?" मी म्हटलं, "भाकरी थापल्यासारखंच करते, म्हणजे नीट होईल." आणि खरोखरच तसं केलं. भाकरी सगळीकडून सारखी व्हायला हाताला दाब कळावा लागतो, तो मला कळत होता. पंपात पाणी भरून उलटा टांगून ठेवला. ठिबकला.

"पुन्हा," मिस्त्री म्हणाले.

पुन्हा केला. पुन्हा ठिबकला. तिसऱ्यांदा मी चकती बसवताना मिस्त्री स्टुलावरून उठून माझ्या मागं येऊन उभे राहिले. त्या वेळी ठिबकला नाही. हमीदभाई तो लावून मुंबईला जाऊन आले, बॉनेट उघडलं, पंपाच्या पोटाखालून बोट फिरवलं आणि ते कोरडं बोट मला लांबूनच दाखवलं.

तिथून गाडी रुळावर आली. आधी टॅक्सीवाले आले, मग भाजीच्या टेम्पोवाले, मग जीपवाले. नवं गिऱ्हाईक शेडमध्ये येऊन इकडंतिकडं बघायचं. "मिस्त्री कुठंयत?" मिस्त्री माझ्याकडं बोट दाखवायचे, "ह्या काय, समोर बसल्यात." मी मान वर न करता पंप उघडत राहायची. मला ते वाक्य रोज ऐकायला आवडायचं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

पंप उघडला की गाडीवाल्याचं घर उघडल्यासारखं असतं. कुणी कालव्याचं गढूळ पाणी भरतो, तर आत चिखलाचा थर. कुणी खाऱ्या विहिरीचं, तर पांढरा पापुद्रा. एका टेम्पोवाल्यानं कमाल केली. पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. सील झिजलं की पाणी त्या भोकातून थेंब थेंब बाहेर येतं, म्हणजे मालकाला कळावं. मिस्त्री त्याला चुगलखोर म्हणायचे. या पठ्ठ्यानं ते भोक साबणानं लिंपून टाकलं होतं.

"गळत व्हतं ताई, म्हणून भरला साबण. मग गळायचं थांबलं बघा."

"गळायचं नाही थांबलं दादा," मी म्हटलं, "सांगायचं थांबलं." पाणी आतल्या आत बेअरिंगमध्ये शिरून सगळं गंजून गेलं होतं.

दिंडोरीकडं द्राक्षबागा वाढायला लागल्या तसे बागाईतदार जीप घेऊन येऊ लागले. असाच एक जण हसत हसत आला. "ताई, माझा पंप बघा, सोन्याचा झालाय." मला वाटलं थट्टा करतोय. उघडून बघते तर पाणी फेकणारं आतलं चक्र लालसर, चकचकीत. बागेत फवारणीसाठी पिंपात मोरचूद भिजत घातलेलं, त्याच्या ड्रायव्हरनं घाईत तेच निळं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं आणि कित्येक दिवस तसंच चालवलं. लोखंडावर तांबं चढलं होतं आणि खालचं लोखंड खाल्लं गेलं होतं.

"सोनं नाही हो, तांबं आहे," मी म्हटलं. "आणि तेही पापुद्र्याएवढं."

"मंग घासून देवघरात ठिवतो," तो म्हणाला. "द्राक्षाला लागू पडलं, गाडीला नाय पडलं. काय करता!" असं नुकसान हसत सोसणारा माणूस मी फार थोडा पाहिला.

ऐंशी सालाच्या पुढं, दशक सरत आलं तसे पंप सीलबंद खोक्यात येऊ लागले. बिघडला की फेका आणि नवा लावा. उघडून बघायची पद्धतच गेली. माझं टेबल आधी आठवड्यातून चार दिवस, मग दोन दिवस चाललं, मग त्यावर मी कपड्यांना इस्त्री करायला लागले. लोकांचं सोयीचं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण एखादी वस्तू का मेली हे कुणालाच जाणून घ्यायचं नाही, याचं थोडं वाईट वाटतं. मिस्त्रीही आता नाहीत. म्हणून त्यांची आणि हमीदभाईंची एक गोष्ट कागदावर आणून ठेवते आहे. ती आमच्या चलतीच्या दिवसांतली, पंचाहत्तर सालाच्या आसपासची.

आषाढाचे दिवस. हमीदभाई मुंबईहून परत येत होते. घोटीला शेवटची सवारी उतरवली आणि तिथंच पंप मोडला. पंप माझा नव्हता, हे आधी सांगून टाकते. तेवढा मान मला असू द्या. माझा मुंबईत बेअरिंगनं गेला होता आणि तिथं जो मिळाला तो त्यांना लावावा लागला होता. हमीदभाईंनी सुटा झालेला पंखा काढून डिकीत टाकला, गाडी कडेला लावली आणि एसटीनं नाशिकला येऊन माझ्याकडून पंप न्यावा म्हणून ते स्टँडकडं निघाले.

तेवढ्यात लोकांनी एका बाईला खाटेवर घालून आणलं. आवणी करताना, म्हणजे भाताची रोपं लावताना, तिला साप चावला होता. घोटीच्या डॉक्टरांनी जे करता येईल ते केलं आणि सांगितलं, आता तडक नाशिकला मोठ्या दवाखान्यात न्या. रस्त्यावर दुसरं वाहन नव्हतं. तिचा नवरा हमीदभाईंच्या टॅक्सीसमोर येऊन उभा राहिला.

"हमीदभाई, तुम्ही त्याला सांगितलं नाही, गाडी बिघडलीय म्हणून?" मी नंतर विचारलं होतं.

"सांगितलं ना भाभी. तो म्हणाला, 'पर चालती ना?' आता काय बोलणार? चालत तर होती."

पंपाशिवाय गाडी चालते. किती चालेल आणि चालल्यानंतर तिचं काय होईल, हे हमीदभाईंइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. गाडी हेच त्यांचं सगळं होतं. त्यांनी बाईला मागं झोपवलं, नवऱ्याला तिच्या उशाशी बसवलं आणि निघाले.

"दोन्ही बाजूंना शेतं पाण्यानं भरलेली भाभी, वरून पाऊस, आणि मधे माझी गाडी तहानेनं मरते आहे." वाडीवऱ्ह्यापर्यंत ती आली. तिथं वाफा काचेवर यायला लागल्या. थांबून निवू दिली असती तर इंजिन वाचलं असतं. त्यांनी मागं बघितलं. बाईच्या पापण्या मिटत होत्या, नवरा तिला हाका मारत होता. हमीदभाईंनी झाकणावर गोणपाट टाकून ते उघडलं, वाफेत हात भाजून घेतला, ओढ्याचं गार पाणी तसंच आत ओतलं. तापल्या लोखंडावर गार पाणी घालायचं नसतं. टणकन आवाज आला. "मला कळलं, हेडला तडा गेला. पण मी म्हटलं, आता तू रड, नंतर बघू."

विल्होळीच्या पुढं इंजिन ठोके द्यायला लागलं. पांढरा धूर मागं सुटलेला. तरी ती गाडी मुंबई नाक्यापर्यंत आली, आणि तिथं धक्का देऊन जी थांबली ती थांबलीच. हमीदभाईंनी टांगा थांबवला, बाईला उचलून त्यात ठेवलं, टांगेवाल्याला म्हणाले, "पळव." टांगा दिसेनासा होईपर्यंत रस्त्यात उभे राहिले आणि मग पावसात भिजत आमच्याकडं चालत आले.

"भाभी, पंप नको आता," ते उंबऱ्यातून म्हणाले. "गाडीच गेली."

मिस्त्री स्टुलावर होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एकच विचारलं, "बाईचं काय?"

"ठाऊक नाही उस्ताद."

"जा, बघून ये. गाडी आम्ही आणतो."

बाई जगली, हे सांगायला हमीदभाई संध्याकाळी आले, तेव्हा आम्ही गाडी लोकांकडून ढकलून शेडमध्ये घेतली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलावर बसले, तर मिस्त्री उठले. बोटं गेल्यापासून त्यांनी इंजिनाला हात लावलेला नव्हता. पंपाचं सांगायचे, पण मोठं काम आलं की दुसऱ्या गॅरेजची वाट दाखवायचे. त्या दिवशी त्यांनी डाव्या हातात पाना घेतला आणि म्हणाले, "कमल, इकडं ये. धरायला लागशील."

आम्ही ते इंजिन उघडलं. इतकं लागलेलं इंजिन मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. हेड वाकून तडकलेलं. गॅसकेट कोळसा. पिस्टन भिंतींना असे चिकटलेले की लाकडी ठोकळा ठेवून हातोड्यानं काढावे लागले. मिस्त्री प्रत्येक तुकडा डोळ्यांजवळ नेऊन बघायचे आणि म्हणायचे, "कसं आलं गं हे नाक्यापर्यंत?" त्यांच्या आवाजात बऱ्याच काळानं काहीतरी परत आलेलं होतं. दिवसभर पाने पडायचे, बोल्ट निसटायचे. निसटला की ते स्वतःला शिवी द्यायचे, मी उचलून परत त्यांच्या हातात द्यायची. अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत वॉशर धरायला ते तिथंच शिकले. हमीदभाई रोज येऊन रॉकेलमध्ये भाग धूत बसायचे. भंगारातल्या एका गाडीचं हेड मिळालं, भिंतींना आतून नव्या बाह्या, म्हणजे स्लीव्ह, बसवून आणल्या. पंप अर्थातच माझा. श्रावण अर्धा सरला तेव्हा इंजिन जोडून झालं.

सुरू केलं. सुरू झालं. हमीदभाई सीटवर, पाय बाहेर टाकून बसलेले. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर घेतला, पंपावर टेकवला, कान मुठीला लावला आणि म्हणाले, "हमीद, रेस दे."

हमीदभाई हलले नाहीत.

"रेस दे म्हणतोय."

"नाही उस्ताद. भाभींना बसवा. मी नाही."

मिस्त्रींनी मान वर केली. इंजिनाच्या आवाजात ओरडून बोलावं लागत होतं, पण ते हळूच बोलले. "त्या दिवशी रेस मी मागितली होती हमीद. तू नुसती दिलीस. आजही मीच मागतोय."

हमीदभाईंनी दोन्ही पाय आत घेतले. डोळे घट्ट मिटले. मीही मिटले. इंजिनाचा आवाज चढत गेला, चढत गेला, अगदी भरून आला आणि मग हळूहळू खाली उतरला.

"मस्त आहे," मिस्त्री म्हणाले. "कमल, चहा टाक. तिघांचा."

त्या दिवशी हमीदभाईंनी चहा घेतला.

दिवाळी झाल्यावर एक दिवस घोटीची ती बाई नवऱ्याबरोबर आमच्याकडं आली. नवा तांदूळ घेऊन आली होती. हमीदभाई नेमके मुंबईहून नुकतेच परतलेले, परतीची टॅक्सी आमच्या दारातच भरलेली, लोक आत बसून घाई करत होते. नवरा त्यांच्या पाया पडायला वाकला, तर हमीदभाई दोन पावलं मागं सरले. बाई मात्र त्यांच्याकडं बघतच नव्हती.

"बरी हाय का आता?" तिनं विचारलं.

"कोण?" हमीदभाईंना कळेना.

"ही." तिनं गाडीकडं हात केला. "मला त्या दिवसाचं लय काय आठवत नाय. येवढंच आठवतं का, हिला धाप लागली व्हती. माझ्यासारखीच. मनात म्हणत व्हते, बाई, तू नको थांबू, मंग मी बी नाय थांबायची."

ती गाडीच्या पुढं गेली आणि बॉनेटवर तळहात ठेवला.

"ऊन लागतंय की हो!"

"आत्ताच घाट चढून आलीय," मिस्त्री म्हणाले.

"मंग लगेच कुठं काढता तिला?" ती हमीदभाईंना रागावून म्हणाली. "बसू द्या की जरा."

आतली माणसं ओरडत होती, "चला हो, उशीर होतोय." हमीदभाईंनी वाकून सगळ्यांना सांगितलं, "उतरा साहेब, चहा घ्या. गाडी थोडी बसतेय."